ताईचं स्थळ आणि अलकापुरीतला पिझ्झा

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात आजवर कोणी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या असतील, तर त्या रजेच्या अर्जाच्या. आजोबा बडोदा संस्थानच्या पायदळात होते, त्यांना फक्त सही येत होती. वडील प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर आहेत. कॉलेजात गेलेला घरातला पहिला मी, आणि तोही वाणिज्य शाखेचा. त्यामुळे आठवणी वगैरे लिहिण्याचं धाडस मी कशाच्या जोरावर करतोय, असं कोणी विचारलं तर त्याचं बरोबरच आहे.

दुसरी माफी विषयाची. समोर आलेल्या अन्नाला नावं ठेवलेली आमच्या घरी चालत नाहीत. भाजी खारट झाली तरी आम्ही मुकाट्याने जास्त भात घेतो. इथे मात्र मी एका जेवणाला पोटभर नावं ठेवणार आहे. काही गोष्टी तिथे चांगल्याही होत्या, त्या मी लपवणार नाही. पण त्या जागेचा विचार मनात आला की माझ्या कपाळावर आठी येते, हेही लपवता येत नाही.

ताईला स्थळ आलं होतं. ताई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. बारावी झाल्यावर तिने एका बालवाडीत शिकवायला सुरुवात केली आणि दुपारी घरी साड्यांना फॉल-बिडिंग करायची. स्थळ आणलं होतं आत्याने. आत्या रावपुऱ्यात राहते, आणि रावपुऱ्यातल्या कुठल्या घरात लग्नाचं कोण आहे हे तिला न विचारता कळतं. मुलगा अलकापुरीत एका फायनान्स कंपनीत होता, लोकांना हप्त्यांवर स्कूटर मिळवून द्यायचा. वडील सुरतेला बँकेत. पूर्वज संस्थानच्या खासगी खात्यात मोठे अंमलदार. आमचे पूर्वज बहुधा त्यांच्याच फाटकावर पहारा देत असतील, असं बाबा हसून म्हणाले. पण त्यांना स्थळ फार आवडलं होतं. त्याआधीची दोन स्थळं ताईला बघून गेली होती आणि मग काही बोलली नव्हती. तिसऱ्यांदा असं व्हावं हे आमच्यापैकी कोणालाच सोसणारं नव्हतं.

आत्या निरोप घेऊन आली तेव्हा आई पोहे निवडत बसली होती.

"पोहे ठेव बाजूला," आत्या म्हणाली. "मुलगा म्हणतो घरी नको. मुलगी चहाचा ट्रे घेऊन येते ते त्याला आवडत नाही. म्हणे बाहेर भेटू, मोकळेपणी. अलकापुरीत ते नवीन इटालियन निघालंय ना, तिथे. रविवारी संध्याकाळी."

"इटालियन म्हणजे काय मिळतं तिथे?" आईने विचारलं.

"पिझ्झा. हा सांगेल तुला. हा कॉलेजात जातो," असं म्हणून आत्याने माझ्याकडे हात केला.

मी कॉलेजात जात होतो हे खरं. पण कॉलेज आणि पिझ्झा यांचा एकमेकांशी संबंध असतो हे मला त्या दिवशी कळलं. कॉलेजच्या फाटकासमोर मी वडापाव आणि दाबेली खात असे. पिझ्झा मी एकदा एका मित्राच्या वाढदिवसाला बघितला होता, बेकरीतून आणलेला, कोबी घातलेला. तरी मी मान हलवली.

बाबांना मात्र वेगळीच काळजी होती. ते म्हणाले, "तिथे पाहुणे कोण? आपण की ते?"

"अरे दादा, हॉटेलात कोणी कोणाचा पाहुणा नसतो," आत्या म्हणाली.

"मग पहिलं ताट कोणाला वाढायचं?"

आत्याने कपाळावर हात मारला. पण बाबा चेष्टा करत नव्हते. आमच्या घरात जेवणाचा एक नियम आहे. आजोबांनी तो पलटणीतून आणला असं बाबा सांगतात, मला तो त्याहून जुना वाटतो. सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत कोणी घासाला हात लावायचा नाही. मग पाहुण्याने सुरुवात करायची आणि यजमानाने सर्वांत शेवटी जेवायचं. लहानपणी सणाच्या दिवशी समोर श्रीखंड असताना आम्ही हात मांडीवर ठेवून बसायचो, कारण आई अजून शेवटच्या पानावर पुऱ्या वाढत असायची. हा नियम कधी कोणी मोडला नाही. घरात पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे विचारावंच लागत नसे.

रविवारी बाबांनी कारखान्यातलं ग्रीस जावं म्हणून हात सोड्याने घासून घासून लाल केले. तरी नखांच्या कडेच्या काळ्या रेघा राहिल्याच. ताईने अबोली रंगाची साडी नेसली होती आणि रिक्षात ती माझ्या कानात म्हणाली, "काय कॉलेजकुमार, पिझ्झा चमच्याने खातात की हाताने?"

"काट्याने," मी म्हणालो.

"म्हणजे तुलाही माहीत नाही," ती म्हणाली, आणि बाहेर बघायला लागली.

रविवारी संध्याकाळी बडोद्यातली निम्मी कुटुंबं घरी गॅस पेटवत नाहीत हे मला ऐकून माहीत होतं. त्या दिवशी ती सगळी त्या एका दाराशी आली होती. फुटपाथवर स्कूटरींची भिंत. दारात एक माणूस हातात पाटी घेऊन नंबर ओरडत होता आणि चांगल्या घरची माणसं, बायका, सोन्याच्या बांगड्या घातलेल्या आज्या, सगळी त्याच्या तोंडाकडे आशेने बघत उभी होती. आमच्याकडे रेशनच्या रांगेत माणूस निदान चिडतो. इथे सगळे खुशीत होते. मला हे समजत नाही, अजूनही समजत नाही. जेवायला मिळावं म्हणून तासभर ताटकळायचं आणि त्याला मजा म्हणायचं, याच्यासाठी वेगळं मन लागत असावं.

मुलगा आणि त्याची आई आधीच येऊन नंबर लावून थांबली होती. मुलगा उंच, कमरेला पेजर. तो दर थोड्या वेळाने पेजर काढून बघायचा आणि परत लावायचा. त्याला रविवारी कोण बोलावत होतं मला माहीत नाही. त्याच्या आईने भरजरी शालू नेसला होता. प्लास्टिकच्या स्टुलावर शालू नेसून बसलेली बाई मी पहिल्यांदा बघितली.

"या, या," त्या म्हणाल्या. "आमच्या पणजोबांच्या वेळी सरकारवाड्यात इटालियन माणसं कामाला होती म्हणे. त्यामुळे आम्हाला काही नवीन नाही हे."

बाबा म्हणाले, "हो, हो." आमच्या पणजोबांच्या वेळी काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

आत जागा मिळाली तेव्हा एसीच्या गारव्याने आईला शिंक आली. टेबलावर लाल-पांढऱ्या चौकड्यांचं प्लास्टिक अंथरलं होतं. छतावरून प्लास्टिकची द्राक्षं लटकत होती आणि द्राक्षांवर धूळ बसली होती. भिंतीवर त्या वाकड्या मनोऱ्याचं मोठं चित्र होतं. बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "एका बाजूचा पाया खचलाय." त्यांच्या दृष्टीने ते दुरुस्तीचं काम होतं. वेटरांच्या गळ्यात लाल रुमाल होते आणि वरून गाणी हिंदी सिनेमाची. इटली मी पाहिलेली नाही, त्यामुळे खरी कशी असते ते मी सांगू शकत नाही. पण तिथे मेनूत जैन पिझ्झ्याचं वेगळं पान असेल असं मला वाटत नाही.

मेनू माझ्या हातात आला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई, बाबा, आत्या, तिघांच्याही चेहऱ्यावर असा विश्वास होता की मला पळून जावंसं वाटलं. इंग्रजी मला वाचता येतं, पण ते इंग्रजी नव्हतंच. प्रत्येक शब्दाच्या शेवटी आ किंवा ई. मी दोनदा पानं उलटली. शेवटी मुलाने मेनू माझ्याकडून घेतला, मान मागे टाकली आणि इंग्रजीत ऑर्डर दिली. वेटरने ती गुजरातीत परत म्हणून दाखवली, "त्रण मोटा पिझ्झा, एक जैन, सात सूप." तीन मोठे, त्यातला एक जैन. आमच्यात जैन कोणीच नव्हतं. ते बहुधा त्या हॉटेलात आपोआप यायचं.

सूप सगळ्यांना एकदम आलं, सात वाट्या एका ट्रेमध्ये. म्हणून काही अडचण झाली नाही. त्याच्या आईने पहिला चमचा घेतला, मग आम्ही. सूप चांगलं होतं, खोटं बोलत नाही. टोमॅटोचं, गरम, आत शेवयांचे जाड तुकडे, वर लोणी. त्याच्याबरोबर लसूण चोळलेला पाव आला, तोही प्रत्येकाला एकेक. आईने तो खाताना डोळे मिटले. तेवढ्यावर आम्ही उठून आलो असतो तर मी आज त्या जागेविषयी चांगलं बोललो असतो.

मग पिझ्झा आला. एकच आला. मोठ्या लाकडी पाटावर, वाफ निघत असलेला, आठ तुकडे केलेला. वेटरने तो मधोमध ठेवला आणि निघून गेला.

कोणी हात लावला नाही.

बाबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. बाकीचे दोन येईपर्यंत पानं वाढून झाली असं त्यांच्या हिशेबी नव्हतं. आईने त्या बाईंकडे बघून म्हटलं, "घ्या ना वहिनी, गार होईल."

"छे छे, तुम्ही घ्या. आम्ही बोलावलंय तुम्हाला."

"असं कसं? मुलीकडचे आम्ही. आमच्या आधी तुम्ही."

"अहो, बोलावणारा आधी खातो का कुठे? तुम्ही पाहुणे."

"तुम्ही आमच्याकडे यायचं, ते तुम्हीच आम्हाला बोलावलंत. म्हणून काय तुमचा मान कमी होतो का?"

"आत्याबाई, तुम्ही तरी सांगा यांना."

आत्या म्हणाली, "दादा, तू एक तुकडा उचल रे, म्हणजे गाडी सुटेल."

"सगळ्यांची पानं कुठे वाढली गेलीत?" बाबा म्हणाले.

मुलगा म्हणाला, "अंकल, इथे तसं नसतं. जसं येतं तसं खायचं." आणि त्याने हात पुढे केला. त्याच्या आईने नुसतं बघितलं त्याच्याकडे. हात परत गेला. पेजर बघून झाला.

मी पिझ्झ्याकडे बघत होतो. वरचं चीज आधी चकाकत होतं. मग त्याच्यावर साय धरल्यासारखं झालं. मग ते आकसलं आणि सायकलच्या ट्यूबवर लावलेल्या ठिगळासारखं दिसायला लागलं. शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस होता. वेटरांनी टाळ्या वाजवल्या, फुगा फुटला, आई दचकली. आमच्याकडे अजून "तुम्ही घ्या", "तुम्ही घ्या" चाललं होतं. सगळ्या घरच्या चांगल्या सवयी, आणि त्या लोकांच्या जागेत त्या किती खुळ्या दिसत होत्या. मला आमचा राग येत नव्हता. मला त्या टेबलाचा राग येत होता, ज्याच्यावर कोण घरचं आणि कोण बाहेरचं हे ठरवायला काही जागाच नव्हती.

तेवढ्यात तो लाल रुमालवाला वेटर आला. बाहेर नंबर लागलेले, त्याला टेबल मोकळं करायची घाई. त्याने पाट उचलला आणि घेऊन गेला. आम्हाला वाटलं गरम करून आणतोय. मी मनात म्हटलं, चला, एवढी तरी रीत आहे. तो परत आला तो पुठ्ठ्याचा चौकोनी खोका घेऊन. सुतळीने बांधलेला. त्याने तो बाबांच्या समोर ठेवला.

बाबांनी खोक्याकडे बघितलं. "हे काय?"

"पार्सल," आत्या म्हणाली.

"मागितलं कोणी?"

वेटर म्हणाला, "काका, कोई खातुं नहोतुं, एटले." कोणी खात नव्हतं, म्हणून.

मग ताईला हसू आलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला, पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. आईने टेबलाखालून तिला चिमटा काढला असणार, कारण ती एकदम ताठ बसली. मुलगाही हसत होता. मला वाटतं त्या दोघांनी तेव्हाच पहिल्यांदा एकमेकांकडे नीट बघितलं.

दुसरा पिझ्झा आला. पुन्हा सगळ्यांचे हात मांडीवर. "आता घ्याच." "नाही, आता तुम्हीच."

मुलाने ताईला विचारलं, "तुम्हाला कसला आवडतो पिझ्झा?"

"गरम असेल तो," ताई म्हणाली.

तो मोठ्याने हसला. त्याच्या आईला ते ऐकू गेलं की नाही ते कळलं नाही, कारण त्या माझ्या आईला सांगत होत्या की त्यांच्या घरी चांदीच्या ताटांना नावं घातलेली आहेत. वेटर पुन्हा आमच्या टेबलाजवळून गेला आणि पाटाकडे बघून थांबला. त्याचा हात पुढे आला. ताईने पाटाची कड धरली.

"भाई, रहेवा दो," ती त्याला म्हणाली. "अमे खाईए छीए." राहू द्या, आम्ही खातोय.

आणि तिने खाल्लं. आधी एक तुकडा त्या बाईंच्या ताटात वाढला, एक बाबांच्या, एक आईच्या, एक आत्याच्या, एक मुलाच्या, एक माझ्या. हे सगळं इतक्या झटपट झालं की कोणाला नको म्हणायला वेळ मिळाला नाही. मग कोणी सुरुवात करण्याची वाट न बघता तिने स्वतःचा तुकडा हाताने उचलला आणि मोठा घास घेतला. चीजची तार हनुवटीपर्यंत आली, ती तिने बोटाने गुंडाळली.

बाबांचा चेहरा उतरला. मुलगी बघायला आलेल्यांच्या समोर मुलीनेच पहिला घास घ्यायचा, हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मुलाच्या आईने सुरी घेतली आणि तुकडा इतका जोर लावून कापायला लागल्या की टेबल हललं. मुलाने मात्र ताईसारखाच हाताने उचलला.

गरम असताना तो पिझ्झा खरंच चवदार होता. हे मला लिहायला जड जातंय. रस्सा गोड होता, सिमला मिरची कच्ची होती, बूड जाड होतं, तरी चवदार होता. मी तिसऱ्या पिझ्झ्यातलेही दोन तुकडे खाल्ले. तो जैन होता. पण ज्या लोकांना समोर बसलेली माणसं जेवतायत की नाही हे बघून, का नाही जेवत असं विचारावंसं वाटत नाही आणि एकदम खोका बांधावासा वाटतो, त्यांच्या हातच्या चवीचं कौतुक मला करवत नाही.

निघताना खोक्यावरून पुन्हा तेच झालं. "तुम्ही न्या." "नाही, तुम्ही न्या." शेवटी आत्याने तो आमच्या रिक्षात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तुकडे तव्यावर गरम करून दिले.

त्या रात्री बाबा मात्र ताईला बोलले. फार नाही. "पोरी, थोडं थांबली असतीस." एवढंच.

"किती थांबायचं बाबा?" ती म्हणाली. "चार माणसं उपाशी बसली होती."

नंतर आमच्या रेल्वे क्वार्टरच्या पायरीवर ती मला म्हणाली, "काय वाटलं तुला?"

मी म्हणालो, "हॉटेल बंडल. त्याची आई घमेंडखोर. तो पेजरवाला."

"तुला हॉटेलचं कोण विचारतंय," ती म्हणाली. "आणि मी विचारत नाहीये, सांगतेय. मला चालेल."

"काय चालेल?"

"तो. त्याला हसता येतं." आणि ती आत गेली. आधीच्या दोन्ही स्थळांच्या वेळी ती असं काही बोलली नव्हती. मी आईला सांगितलं, आईने बाबांना. बाबा म्हणाले, "तिला चालेल हे ठीक, पण बोलावलं त्यांनी होतं. निरोप त्यांच्याकडून यायचा."

निरोप आला नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. शेजारच्या घरी फोन होता आणि आमचे फोन तिथे येत. तो वाजला की ताईची सुई साडीच्या काठात थांबायची. शेजारच्या काकूंनी हाक मारली नाही की सुई पुन्हा चालू व्हायची. फक्त एकदा ती आईला म्हणाली, "आपणच विचारलं तर?"

आईने आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "मी मधली बाई. दोघांपैकी कोणी तोंड उघडल्याशिवाय मी उघडलं तर काय दिसेल? मुलीकडचे घाईला आलेत असं दिसेल. तिसरं स्थळ आहे, जपून." ते बाबांना पटलं. मलाही पटलं. मग आत्याच्या मुलीचं पहिलं बाळंतपण आलं आणि आत्या इंदूरला गेली.

त्या मधल्या काळात मी मनातल्या मनात त्या कुटुंबाला यथेच्छ शिव्या घातल्या. नावं घातलेली चांदीची ताटं आणि साधं हो किंवा नाही सांगायची दानत नाही. सायकलवरून अलकापुरीतून जाताना मी त्या हॉटेलच्या बाजूला बघत नसे. तरी दिसायचंच. रविवारी तीच गर्दी, पाटी घेतलेला तोच माणूस, आणि दारात तीच खुशीत उभी असलेली माणसं. मला वाटायचं, अशाच जागेतल्या माणसांना असं वागणं सुचतं. पार्सल करून मोकळे. बाबा म्हणायचे, "मोठे लोक. आपल्याला शोभले नसते." ताईने अबोली साडी घडी करून ट्रंकेत खाली ठेवली आणि बालवाडीच्या गॅदरिंगला दुसरी नेसली.

आत्या इंदूरहून परत आली तेव्हा थंडी पडली होती. आईने तिच्यासाठी डिंकाचे लाडू दिले होते, ते द्यायला मी रावपुऱ्यात गेलो. आत्याने डबा घेतला, पण मला बस म्हणाली नाही. तशीच उभी राहिली. मग स्वतःच खाली बसली.

"काल त्या भेटल्या होत्या," ती म्हणाली. "मुलाची आई. भाजी घेत होत्या. मीच म्हटलं, अहो, इतके महिने झाले, तुमचा काही निरोप नाही. तर माझ्याकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, आमचा निरोप? अहो, आम्ही तुमच्या निरोपाची वाट बघत होतो. मुलीकडून विचारणा यायची असते ना. मुलाने तर त्याच रात्री घरी सांगितलं होतं. हीच, म्हणाला, दुसरी बघायची नाही. दिवाळीपर्यंत थांबला. तुमच्याकडून कोणी आलं नाही, म्हणून वाटलं, हॉटेलात बोलावलं ते तुमच्या दादांना रुचलं नसेल, मुलीच्या मनात नसेल. कोणावर जबरदस्ती कशी करणार."

मी विचारलं, "मग आता?"

"आता काय," आत्या म्हणाली. "आणंदची मुलगी आहे. परवा साखरपुडा झाला."